घाम न येणारे सप्रे सर

सप्रे सरांना घाम येत नाही, ही आमच्या ऑफिसात सगळ्यांनी मान्य केलेली गोष्ट होती. मे महिन्यात ओमानमधल्या इब्र्याच्या साइटवर पारा पंचेचाळीसच्या वर असायचा. आमचे शर्ट पाठीला चिकटलेले आणि हे गृहस्थ फिकट निळा शर्ट इन करून, मेजरिंग टेप हातात घेऊन स्लॅबवर उभे. शर्ट सकाळी इस्त्री करून घातला तसाच दुपारीही. आमचा ओमानी साइट सुपरवायझर सालिम उत्तम हिंदी बोलायचा. तो सरांच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचा, "सप्रे साब, तुम हमसे जास्ती ओमानी."

सर हसायचे, पण बेतानेच. सगळंच बेताने करणारा माणूस.

मी पुण्याहून मस्कतला आले तेव्हा ऑफिसात मराठी बोलणारे ते एकटेच होते. वय सत्तावन्न, हुद्दा सीनियर क्वांटिटी सर्व्हेयर. म्हणजे बांधलेलं किती, त्याचं माप घ्यायचं आणि ते कागदावर खरं उतरवायचं. मी त्यांच्या हाताखाली. आठवड्यातून दोनदा आम्ही त्यांच्या पांढऱ्या गाडीतून इब्र्याला जायचो. दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर. तीन वर्षं असं सोबत बसल्यावर आपण माणसाला ओळखतो, असं मला वाटत होतं. त्या समजुतीचं पुढे काय झालं तेच सांगायचं आहे.

आधी मला ठाऊक होते ते सप्रे सर.

त्या रस्त्यावर ते चार वेळा थांबायचे. ठरलेले चार पेट्रोल पंप. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी त्यांच्या ओळखीचं. कॉफी शॉपमधला मल्याळी, गाड्या धुणारा बांगलादेशी, एका पंपावरचा वयस्क ओमानी चौकीदार. सर त्या सगळ्यांच्या पोराबाळांची नावं विचारायचे आणि लक्षातही ठेवायचे. "मेघना, जाऊन ये तू, मी चहा सांगतो," असं म्हणायचे. वाळवंटातल्या रस्त्यावर बाईमाणसाची काय पंचाईत होते हे न सांगता ओळखणारा हा पहिलाच वरिष्ठ मला भेटला होता. मी आईला फोनवर सांगितलंही होतं, "आमचे सर माझ्यासाठी चार वेळा गाडी थांबवतात गं." आई म्हणाली होती, "चांगल्या घरचे दिसतात."

तोंडात कायम वेलची. बोलणं सावकाश, आवाज इतका मऊ की सालिमशी वाद घालतानाही प्रार्थना म्हटल्यासारखा वाटायचा. डब्यात रोज दहीभात. कुणाच्या लग्नाला, बारशाला गेले तरी जेवायला थांबायचे नाहीत. गणपतीत मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका घरी आम्ही सगळी मराठी मंडळी जमायचो. सर आरतीला उभे राहायचे, चिमूटभर प्रसाद घ्यायचे आणि पानं मांडायच्या आत गायब व्हायचे. शैलाकाकू, म्हणजे त्यांची पत्नी, एकट्याच पंगतीला बसायच्या आणि कुणी विचारण्याआधीच सांगायच्या, "त्यांना गर्दी आवडत नाही."

आणि सही. एकदा मुख्य कंत्राटदाराचा माणूस घाईत आला. पाया भरून झाला होता, माप कागदावर तयार होतं, फक्त सरांची सही हवी होती. सर म्हणाले, "आत सळ्या किती खोल आहेत ते मी पाहिलेलं नाही." तो म्हणाला, आता काँक्रीट पडलं, आता कसं बघणार? सर म्हणाले, "मग मी सहीही कशी करणार?" तीन दिवस काम थांबलं, वरून फोन आले. सरांनी मऊ आवाजात प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. शेवटी काँक्रीट एका जागी फोडलं. सळ्या जिथे हव्या तिथे नव्हत्या. त्या दिवसापासून मी त्यांना मनात गुरू मानलं. जे पाहिलं नाही त्यावर सही नाही.

हे माझे सप्रे सर.

त्या मंगळवारी त्यांना खोकला होता. बिदबिद गाव मागे पडलं, सकाळचे नऊ वाजले होते, रस्ता मोकळा होता. मी फोनवर मेल वाचत होते. गाडीची चाकं खडखडली म्हणून वर पाहिलं. आम्ही रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर होतो आणि समोर लोखंडी कठडा येत होता.

"सर!"

त्यांचे डोळे उघडे होते. हे मी आजही विसरू शकत नाही. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर आणि माणूस तिथे नाही. मी स्टिअरिंग ओढलं. गाडी घसरली, आडवी झाली आणि कशीबशी थांबली. मागून येणारा ट्रक भला मोठा हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला.

सरांनी इंजिन बंद केलं. मग सर म्हणाले, "मला डुलकी लागली नाही गं. मला काही कळलंच नाही. मधला रस्ताच डोक्यातून पुसला गेला."

"काय घेतलंत तुम्ही? खोकल्याचं औषध?"

"दोन झाकणं. आणि माझी ती पोटाची कॅप्सूल. ती काय, रोजचीच."

"कसली पोटाची?"

ते खाली उतरले. मीही उतरले. कठड्याला हात टेकून, डोंगराकडे तोंड करून त्यांनी मला सांगितलं. नऊ वर्षांपासून त्यांचं पोट त्यांच्या ताब्यात नव्हतं. कळ कधी येईल आणि आली की किती मिनिटं हातात असतील, याचा भरवसा नाही. तपासण्या सगळ्या झालेल्या, दुर्बीणसुद्धा. आतड्यात दोष काही दिसत नाही, पण आतडी चिडकी आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ते चार पंप म्हणजे चार स्वच्छ संडास. ती ओळख, ती पोराबाळांची नावं एवढ्याचसाठी की एखाद्या दिवशी दार बंद असलं तर कुणी हाकेला धावून येऊन किल्ली द्यावी.

"मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी थांबता," मी म्हणाले.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू यायला लागलीस तेव्हा मला फार बरं वाटलं, मेघना. लोकांना सांगायला कारण मिळालं."

मला धक्का नेमका कशाचा बसला ते तेव्हा कळलं नाही. मरता मरता वाचले याचा, की तीन वर्षं ज्याला मी माया समजत होते तो एका माणसाचा लपलेला त्रास होता याचा.

परतीची गाडी मी चालवली. त्यांना थेट घरी सोडायचं सोडून वादी कबीरमध्ये माझ्या इमारतीखालच्या फार्मसीत नेलं. तिथे रुकय्या आपा होती. श्रीवर्धनची, वीस वर्षं मस्कतमध्ये, जिभेला हाड नसलेली आणि औषधांच्या बाबतीत अत्यंत कडक. मी म्हणाले, "आपा, सरांची औषधं बघ जरा." सरांनी नाखुशीने बॅगेचा कप्पा उघडला आणि काउंटरवर ठेवलं. कॅप्सूलची पाकिटं. झोपेच्या गोळ्यांची पट्टी. सर्दीची एक गोळी. भारतातून आणलेली खोकल्याच्या औषधाची बाटली.

आपाने चष्मा लावला आणि प्रत्येक गोष्टीची मागची बाजू वाचली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

"ही कॅप्सूल किती दिवस घेताय?"

"नऊ."

"नऊ दिवस?"

"वर्षं."

आपाने चष्मा काढला. "या अल्ला. कुणी लिहून दिली?"

"पुण्याच्या डॉक्टरांनी. तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिली होती. पण मला तिने माणसात आणलं हो. नंतर माझा चुलतभाऊ पाठवत राहिला, त्याचं औषधांचं दुकान आहे. कुणी येणारं असलं की पाठवतो. सकाळी एक, साइट असली की दोन."

"आणि झोपेची?"

"ती इथल्या एका क्लिनिकमधून."

"त्या डॉक्टरला या कॅप्सूलचं सांगितलंत?"

"पोटाचं औषध, त्यात काय सांगायचं?"

आपाने कॅप्सूलचं पाकीट त्यांच्यासमोर धरलं. "सप्रे साहेब, ही नुसती पोटाची नाही. यात दोन औषधं एकत्र आहेत. एक आतड्याची कळ मोडतं. दुसरं डोकं शांत करतं, भीती घालवतं. योग्य माणसाला, थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली दिली तर ही कॅप्सूल चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण दुसऱ्या औषधाची शरीराला सवय लागते. वर तुम्ही झोपेची गोळी घेताय, ती त्याच जातीची. वर हे खोकल्याचं औषध, तेही गुंगी आणणारं. तिन्ही मिळून माणसाचा श्वास मंदावतो. झोपेत थांबलाही असता. आणि अशा अवस्थेत तुम्ही या पोरीला घेऊन गाडी चालवत होतात?"

सर काउंटरवरची पाकिटं सरळ रांगेत लावू लागले.

"तोंड कोरडं पडतं?"

"म्हणून तर वेलची."

"लघवीला त्रास? जवळचं अंधूक दिसतं?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. आपाने त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. बाहेर नुसती भट्टी होती आणि आम्ही आत्ताच पार्किंगमधून चालत आलो होतो. "घाम येत नाही?"

"नाही," सर जरा अभिमानानेच म्हणाले. "मला पहिल्यापासूनच..." आणि थांबले. बहुतेक हिशेब लागला असावा.

"पहिल्यापासून नाही, साहेब. नऊ वर्षांपासून. त्या पहिल्या औषधाने घाम आटतो. या मुलखात, उन्हात स्लॅबवर उभं राहून! अंगातली उष्णता बाहेर जायला वाटच नाही. कधीतरी तिथेच कोसळला असतात."

मी काउंटरला धरून उभी होते. कोरडा शर्ट गेला. वेलची गेली. तो मऊ, सावकाश आवाज कुठून आला होता, हेही आता विचारायची सोय राहिली नव्हती. ज्या ज्या गोष्टींवरून मी या माणसाला ओळखत होते, त्या या काउंटरवरच्या पाकिटांतून आल्या होत्या. आणि न पाहिलेल्या सळ्यांवर सही न करणारा माणूस नऊ वर्षं पाकिटाची मागची बाजू न वाचता रोज ती तोंडात टाकत होता.

आपाने खोकल्याची बाटली बाजूला काढून ठेवली. मी सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढले, ते तिनेच काढायला लावले. तिने ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. मग सरांना तिने तीनदा बजावलं, "आता एक महत्त्वाचं. घाबरून हे सगळं एकदम बंद करायचं नाही. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरायचं. एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल. कळलं?"

"कळलं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर डॉक्टरांकडे गेले नाहीत. मला मेसेज आला, "तारीख पुढे ढकलली. तब्येत उत्तम." मी विश्वास ठेवला. त्याबद्दल मी स्वतःला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

झालं असं होतं की मंगळवारी संध्याकाळी घरी पोचताच त्यांनी सगळ्या कॅप्सूल, झोपेच्या गोळ्या, जे होतं ते संडासात ओतून पाणी सोडलं होतं. पुढे त्यांनीच सांगितलं, "मला लाज वाटली गं. दुसऱ्याची मुलगी मेली असती माझ्या हातून. मग त्या गोष्टीला घरात एक तासही ठेवावंसं वाटेना."

रविवारी आम्ही साइटवर गेलो. गाडी कंपनीच्या ड्रायव्हरने चालवली. वाटेत सहा वेळा थांबलो. सरांचे हात थरथरत होते. दार आपटलं तरी दचकत होते, चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही म्हणाले. आणि त्यांचा शर्ट भिजला होता. पाठ, काखा, कॉलर, सगळा. सालिम हसून ओरडला, "अरे, सप्रे साब को पसीना!" मजूरही हसले. सरही हसायला गेले, पण त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते सळ्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर आडवे कोसळले. अंग धनुष्यासारखं ताणलं, मग झटके सुरू झाले.

मी किंचाळले असेन. मला फक्त सालिम आठवतो. त्याने आपली डोक्याची पगडी सोडून सरांच्या डोक्याखाली सारली, त्यांना कुशीवर वळवलं, सळ्या पायाने दूर लोटल्या. कुणीतरी तोंडात घालायला चमचा आणला, तो त्याने भिरकावून दिला. "कुछ नहीं डालना! गाडी लाओ, यल्ला, जल्दी!"

इब्र्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, हे कुठलं औषध घेतात? मी फोनमधले फोटो दाखवले. ते क्षणभर पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि कधी बंद केलं?" त्यानंतर सगळे इतक्या वेगाने हलले की मला बाजूला व्हावं लागलं.

शैलाकाकू दुपारी पोचल्या. डॉक्टरांशी बोलून बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारी कळलं, काकू."

"मला आज." त्या हातातल्या रुमालाची घडी करत राहिल्या. "व्हिटॅमिन म्हणून सांगायचे. अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. नऊ वर्षं हा माणूस माझ्या हातचं काही खात नाही, नुसता दहीभात मागतो. मला वाटायचं, माझ्याबद्दलच काहीतरी संपलंय त्यांचं. मी विचारलं नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही. एका घरात दोन माणसं, मेघना, आणि मधे एक पोट."

त्या रडल्या नाहीत. त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सर वाचले. आठ दिवस इस्पितळात होते, मग कित्येक महिने औषध थेंबाथेंबाने उतरवणं चाललं. मस्कतच्या पोटविकारतज्ज्ञांनी एक कागद केला, त्यावर ते घेत असलेली प्रत्येक गोष्ट लिहिलेली, अगदी इसबगोलसुद्धा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी तो कागद पुढे करायचा. कळ मोडणारं एकच साधं औषध ठेवलं, तेही गरजेपुरतं. काय खाल्लं की काय होतं याची वही शैलाकाकू ठेवू लागल्या. त्या वहीतून असं निघालं की त्यांची मुगाची खिचडी, दुधी, पडवळ, नाचणीची भाकरी हे सगळं सरांना चालतं. पोट पूर्ण बरं झालं नाही. वाईट दिवस यायचेच, आधी भीतीने जास्त आले. गाडी त्यांना बराच काळ चालवू दिली नाही, ती मी चालवायची.

त्या गाडीत मला एक अनोळखी माणूस भेटला. हा माणूस घामाने डबडबायचा आणि एसीवरून माझ्याशी भांडायचा. याचा आवाज मोठा होता. पहिल्यांदा तो सालिमवर ओरडला तेव्हा साइटवर शांतता पसरली आणि सालिम आनंदाने म्हणाला, "खलास, बस, अब सप्रे साब ठीक हो गया." हा जोरात हसायचा, हसताना गुडघ्यावर थाप मारायचा. पंप आला की सरळ म्हणायचा, "थांब, मला जायचंय." आणि तरी पंपावरच्या प्रत्येकाला त्याच्या पोरांची नावं घेऊन विचारायचा. एकदा तर आम्हाला थांबायची गरज नसताना सरांनी गाडी वळवायला लावली. त्या चौकीदाराच्या नातीचा निकाल लागायचा होता म्हणून.

मी म्हणाले, "पण ती ओळख तर किल्लीसाठी होती ना?"

"सुरुवात किल्लीसाठीच झाली," सर म्हणाले. "पण मुलीचं नाव लक्षात राहिलं त्याला मी काय करू?"

साइटवर रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी सुरक्षेबद्दल पाच मिनिटं बोलायची पद्धत होती. हेल्मेट, बूट, पाणी प्या, वगैरे. एका सकाळी सर सालिमला म्हणाले, "आज मी बोलतो." ऐंशीएक माणसं उभी होती. बिहारी, बंगाली, रत्नागिरीकडचे काही मुसलमान गवंडी. नऊ वर्षं ज्याने बायकोला सांगितलं नाही, तो माणूस पाइपांच्या ढिगावर चढून मोठ्या आवाजात हिंदीत म्हणाला, "मेरे पेट में बीमारी है. मैं संडास के डर से जीता था." कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढे बोलत राहिले. सगळं सांगितलं. कॅप्सूल, झोपेची गोळी, खोकल्याची बाटली, गाडी, झटके. शेवटी म्हणाले, "गांव से जो गोली आती है, वो किसी को दिखाए बिना मत खाओ. खा रहे हो तो डर के मारे फेंको भी मत. आके मुझे बोलो. हँसेगा नहीं मैं." हसू केव्हाच थांबलं होतं. मी सालिमकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता.

लगेच कुणी पुढे आलं नाही. यल्ला, यल्ला झालं आणि माणसं कामाला लागली.

पुढच्या महिन्यात माझी बदली दूर दक्षिणेकडच्या सलाला शहरात झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला साइटवर गेले, तर सर ऑफिसच्या केबिनमध्ये नव्हते. पाण्याच्या टाकीमागे, सावलीत, उलट्या बादलीवर बसलेले दिसले. समोर दापोलीकडचा एक वयस्क गवंडी उकिडवा बसला होता. त्याने मूठ पुढे केली होती, पण उघडली नव्हती. सर काही मागत नव्हते. मी हाक मारणार होते, पण नाही मारली. गाडीकडे वळताना एकदाच मागे पाहिलं. गवंड्याची मूठ उघडत होती आणि सरांनी त्याच्या हाताखाली आपला हात धरला होता.